हॉर्सपॉवरचा खरा आकडा: खान्देशच्या उन्हात गाडी कशी मोजायची

मागच्या मे महिन्यात चोपड्याचा एक तरुण डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरच्या यंत्रावर, मोजणी केल्याचे दोन कागद घेऊन माझ्या जळगावच्या गॅरेजवर आला. मोटरसायकल 373 सीसीची, सिंगल सिलिंडर. सायलेन्सर बदललेला, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रीमॅप केलेला, म्हणजे त्यातलं सेटिंग बदललेलं. काम करण्याआधीच्या कागदावर मागच्या चाकाला 36.4 पीएस, काम झाल्यावरच्या कागदावर 40.1. "पावणेचार पीएस वाढली भाऊ, कागदावर छापलंय. पण गावात चालवताना गाडी आधीपेक्षा मरगळलेली वाटते. माझंच काही चुकतंय का?"

मी दोन्ही कागद बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि वरच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं त्याला वाचायला सांगितली. पहिल्यावर होतं एसएई, 1.01. दुसऱ्यावर एसटीडी, 1.13 आणि तापमान 52 अंश. एसएई आणि एसटीडी ही हवामानाची दुरुस्ती करायची मानकं, आणि शेजारचा आकडा म्हणजे मोजलेल्या ताकदीला ज्याने गुणतात तो फॅक्टर. कॅल्क्युलेटर काढला. 36.4 भागिले 1.01 म्हणजे 36. 40.1 भागिले 1.13 म्हणजे 35.5. रोलरला प्रत्यक्षात जी ताकद मिळाली ती दुसऱ्या वेळी अर्ध्या पीएसने कमीच होती. वाढलेलं सगळं गुणाकारातून आलं होतं. डायनोचं नाव इथे घेत नाही, पण पोराचे कष्टाचे पैसे गेले याचं मला फार वाईट वाटलं. तसं कुणाचं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आकडा म्हणजे काय ते पाहू

आपल्याकडे ब्रोशरमध्ये पीएस आणि बीएचपी हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. ते एक नाहीत. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला लागते ती ताकद म्हणजे 1 पीएस, 735.5 वॅट. रावेर-यावलकडचा भरलेला केळीचा घड 25 किलोचा धरला, तर असे तीन घड दर सेकंदाला मीटरभर वर गेले पाहिजेत. जेम्स वॉटने ठरवलेली हॉर्सपॉवर जरा मोठी, 745.7 वॅटची. त्यामुळे सुझुकी हायाबुसाचे 190 पीएस बीएचपीत लिहिले की 187.4 होतात. एका कागदावर पीएस आणि दुसऱ्यावर बीएचपी असेल, तर तिथेच दीड टक्का इकडचा तिकडे होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं सूत्र. कुठलंही यंत्र हॉर्सपॉवर थेट मोजत नाही. मोजला जातो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि फेरे, त्यांच्या गुणाकारातून ताकद निघते. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले 7024, उत्तर पीएसमध्ये. भागिले 9549 केलं तर किलोवॅटमध्ये. हायाबुसाचाच कंपनीचा आकडा घ्या. 7000 आरपीएमला 150 न्यूटन-मीटर, म्हणजे त्या क्षणी 149.5 पीएस. 9700 ला 190 पीएस, म्हणजे तिथे टॉर्क उरतो साधारण 137.6. टॉर्क उतरला तरी फेरे वाढले म्हणून ताकद वाढत गेली. हे गणित हाताशी असलं की कुठलाही कागद दोन मिनिटांत तपासता येतो. एखाद्या आरपीएमचा टॉर्क आणि ताकद या सूत्रात बसत नसतील, तर तो कागद परत करा.

आणखी एक तपासणी डोळ्यांनी होते. आलेख हॉर्सपॉवर आणि फूट-पाउंडमध्ये असेल आणि दोन्हींची पट्टी एकच असेल, तर टॉर्कची रेघ आणि ताकदीची रेघ 5252 आरपीएमलाच एकमेकींना छेदणार. दुसरीकडे कुठे छेदत असतील तर एककं वेगळी आहेत किंवा पट्टी वेगळी आहे. का, ते विचारा.

कंपनीचा आकडा आणि चाकाचा आकडा

ब्रोशरमधली ताकद इंजिनच्या क्रँकवर मोजलेली असते. तुमची गाडी रोलरवर चढते तेव्हा ती ताकद प्रायमरी गियर, क्लच, गियरबॉक्स, चेन आणि टायर एवढी वाट तुडवून आलेली असते. चेनच्या गाडीत वाटेत साधारण 10 ते 15 टक्के जातात. म्हणजे 190 ची गाडी चाकावर 161 ते 171 च्या मध्ये दिसली तर ती ठणठणीत आहे. "माझ्या गाडीची वीस पॉवर कुठे गेली" म्हणून भांडू नका. मात्र चाकाच्या आकड्यात 15 टक्के घालून "क्रँकला इतकी आहे" असं छापून देणारेही असतात. तो अंदाज असतो, मोजमाप नव्हे. घट प्रत्येक गाडीत वेगळी, प्रत्येक गियरमध्ये वेगळी, टायरच्या हवेवरही वेगळी. चाकाचा आकडा चाकाचाच राहू द्या.

मोठ्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे, रॅम एअरची. 2021 च्या कावासाकी निंजा झेडएक्स-10आरचे दोन आकडे दिले होते, 203 पीएस आणि रॅम एअरसह 213. वरचे 10 पीएस वेगात समोरून घुसणाऱ्या हवेचे. डायनोवर गाडी जागच्या जागी उभी. समोरचा पंखा कितीही मोठा असला तरी अडीचशेच्या वेगाची हवा देत नाही. अशा गाडीची तुलना 203 शी करायची.

डायनो कोणता आहे ते विचारा

बहुतेक ठिकाणी जड ड्रमचा डायनो असतो. ड्रमचं जडत्व ठाऊक असतं. मागचं चाक तो ड्रम किती लवकर फिरवतं, यावरून ताकद काढली जाते. साधा आणि सातत्याने तोच आकडा देणारा प्रकार. दुसरा एडी करंट ब्रेकचा. यात विजेच्या कॉइलने ड्रमवर चुंबकीय ब्रेक लागतो आणि लोड सेल जोर मोजतो. यावर गाडी 5000 आरपीएमला धरून ठेवता येते, म्हणून ट्यूनिंगसाठी हा बरा. ब्रेक हॉर्सपॉवर हा शब्दही ब्रेक लावून ताकद मोजण्याच्या पद्धतीतून आला. फ्रेंच अभियंता द प्रोनीने 1821 मध्ये फिरत्या चाकाला ब्रेक आवळून ताकद मोजायची रीत काढली, तिचीच ही पुढची पिढी.

दोन वेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी लावू नका. एकच गाडी एकाच दिवशी दोन यंत्रांवर चढवली तरी आकडे जुळत नाहीत. आधी आणि नंतर, दोन्ही एकाच यंत्रावर.

गाडीची तयारी, आदल्या दिवशी

यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि इथेच लोक सगळ्यात घाई करतात.

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर तंतूंचा पांढरा थर बसतो. वरून हाताने झटकला तर निघाल्यासारखा वाटतो, पण घड्यांच्या तळाशी धुळीबरोबर घट्ट बसलेला असतो. त्या चोपड्याच्या गाडीचा फिल्टर मी काढला तेव्हा एका कोपऱ्यातून बोटाच्या पेराएवढी गादीच निघाली. असा फिल्टर ठेवून रीमॅप मोजणं म्हणजे गळती बादली ठेवून पाणी मोजणं. कागदी फिल्टर असेल तर नवा टाका, धुऊन वापरू नका.

चेन पुस्तकात दिलेल्या सैलपणावर आणा, साफ करून तेल द्या. मागचं चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेक पॅड घासत असेल तर मोकळा करा. टायरची हवा थंड असताना पुस्तकाप्रमाणे भरा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. घासून मधोमध सपाट झालेला टायर असेल तर मोजणी पुढे ढकला. क्लच घसरतो का ते रस्त्यावर वरच्या गियरमध्ये रेस देऊन पाहा. आरपीएम चढतात आणि वेग तेवढा चढत नाही, असं असेल तर डायनोला जाण्यात अर्थ नाही.

पेट्रोल आधी आणि नंतर एकाच पंपाचं, एकाच प्रकारचं. आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं योग्य प्रमाण बदलतं. शुद्ध पेट्रोलला 14.7, तर ई20 ला साधारण साडेतेराच्या आसपास. म्हणून डायनोवाला एअर-फ्युएल रेशो सांगेल तेव्हा लॅम्डामध्ये सांगा म्हणायचं. लॅम्डा म्हणजे प्रत्यक्षातलं प्रमाण भागिले त्या इंधनाचं योग्य प्रमाण. फुल रेसला लॅम्डा 0.87 ते 0.90 च्या आसपास असला की बहुतेक गाड्या बऱ्या चालतात. एकाहून वर गेला तर मिश्रण कोरडं आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, रन (मोजणीची फेरी) तिथेच थांबवा. आपल्या उन्हात कोरड्या मिश्रणावर फुल रेस दिली की पिस्टन वितळायला वेळ लागत नाही.

रोलरवर गाडी चढवताना

बेल्ट दोन्ही बाजूंनी सारखे आवळले पाहिजेत. जास्त आवळले की टायर रोलरवर दाबला जातो, गरम होतो आणि ताकद खातो. सैल राहिले की चाक घसरतं. मी सस्पेन्शन किती मिलिमीटर दबलं ते टेपने मोजतो आणि दुसऱ्या वेळी तेवढंच दाबतो. हे सांगितलं की डायनोवाले जरा चमकतात, पण ऐकतात.

आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स फसवतं. पुढचं चाक स्थिर आणि मागचं जोरात फिरतंय, हे पाहून ट्रॅक्शन कंट्रोलला वाटतं चाक घसरतंय, आणि ते ताकद कापतं. म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल आणि व्हीली कंट्रोल बंद, रायडिंग मोड पूर्ण ताकदीचा. गियर वरचा घ्या, साधारण चौथा किंवा पाचवा. लिटर क्लासच्या, म्हणजे हजार सीसीच्या आसपासच्या, काही गाड्यांत खालच्या गियरमध्ये ईसीयूच ताकद रोखून धरतो, तर सहाव्यात वेगाची मर्यादा आडवी येते. कुठलाही गियर घ्या, पण दोन्ही वेळा तोच घ्या.

मग गाडी तापवा. नुसता काटा मध्यावर आला म्हणजे तापली नव्हे. गियरबॉक्सचं तेल आणि टायरही तापायला हवेत. पहिली रन मोजायचीच नाही. त्यानंतर किमान तीन रन, प्रत्येक रन सुरू करताना कूलंटचं तापमान सारखं. तिन्ही आकडे एकमेकांच्या एका टक्क्यात आले तर सरासरी धरा. प्रत्येक रनला आकडा उतरत चालला असेल तर इंजिन उष्णता धरतंय, थांबा, पंखा चालू ठेवा, पुन्हा करा. सगळ्यात मोठा आकडा निवडून छापायचा मोह होतो. तो करू नका.

आता ऊन, म्हणजे आपला खरा विषय

इंजिन हवा ओढतं, आणि गरम हवा विरळ असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत सहज जातो. जळगाव समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर. हवामानाचा परिणाम काढून टाकण्यासाठी करेक्शन फॅक्टर वापरतात. एसएई जे1349 मानकात आधार आहे 25 अंश तापमान आणि 990 मिलीबार कोरड्या हवेचा दाब. सूत्र असं: 990 भागिले तुमच्याकडचा कोरडा दाब, त्याला अंश सेल्सिअस अधिक 273 भागिले 298 याच्या वर्गमुळाने गुणा, उत्तराला 1.18 ने गुणा, त्यातून 0.18 वजा करा.

मे महिन्यातली दुपार घेऊ. 44 अंश, हवेतली वाफ वजा जाता कोरडा दाब 962. फॅक्टर येतो 1.07. डिसेंबरची पहाट घेऊ, भरीत-पार्टीच्या दिवसांतली. 14 अंश, कोरडा दाब 981. फॅक्टर 0.99. म्हणजे तीच गाडी, तोच रस्ता, आणि दोन ऋतूंत 8 टक्क्यांचा फरक. 100 पीएसच्या गाडीत 8 पीएस! थंडीत सायलेन्सर टाकलेला माणूस "भो, गाडी उडायला लागली" म्हणतो ते खोटं नसतं, फक्त श्रेय सायलेन्सरचं नसतं.

उंचीचंही तसंच. जळगावहून तोरणमाळला गेलात तर सुमारे 1150 मीटरवर हवेचा दाब जवळजवळ 10 टक्क्यांनी कमी होतो. वर गारवा असतो म्हणून थोडं परत मिळतं, पण घाटात गाडी जड वाटते ती याचमुळे. पुणंही साडेपाचशे मीटरवर आहे, तिथला दुरुस्ती न केलेला आकडा इथल्याशी लावू नका.

आता फसगत कशी होते ते. एसटीडी नावाच्या जुन्या मानकाचा आधार साडेपंधरा अंश आणि जास्त दाब असा आहे. त्यामुळे तीच रन एसटीडीत एसएईपेक्षा साधारण 4 टक्क्यांनी मोठी दिसते, जर्मन डिनमध्ये 3 टक्क्यांनी. चोपड्याच्या पोराचा एक कागद एसएईत आणि दुसरा एसटीडीत होता, तिथेच दीड पीएस. शिवाय तापमान 52 अंश. त्या दिवशी खोलीत बेचाळीसच्या वर नव्हतं, त्याने स्वतः मोबाइलवर पाहिलं होतं. तापमानाचा सेन्सर सायलेन्सरच्या बाजूला लोंबकळत होता, हे त्यानेच काढलेल्या व्हिडिओत दिसलं. सेन्सरने 10 अंश जास्त दाखवले की आकडा 2 टक्के फुगतो. सेन्सर इंजिनच्या हवा ओढायच्या तोंडाजवळ हवा. जाल तेव्हा वाकून बघा.

आणि फॅक्टर 1.07 च्या वर गेला की माझा त्या आकड्यावरचा विश्वास उडतो. आयएसओ 1585 मानकातही 0.93 ते 1.07 हीच हद्द आहे. इतक्या उन्हात ईसीयू स्वतःच स्पार्क मागे घेतो, इंजिन सूत्राप्रमाणे वागत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: एप्रिल-मेमध्ये डायनो करूच नका. करायचाच तर पहाटे सहाला.

कागद हातात घेतल्यावर मानक, फॅक्टर, तापमान, दाब, गियर आणि स्मूदिंग (रेघ किती गुळगुळीत केली ते) हे सगळं छापलेलं हवं. डायनोजेट या डायनो बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग 0 ते 5 असतं. 5 वर रेघ लोण्यासारखी दिसते आणि मधला खड्डा लपतो. दुरुस्ती न केलेला आकडाही मागून घ्या. देत नसतील तर पैसे देण्याआधीच ठरवा.

डायनो जवळ नसेल तर

आपल्या बऱ्याच वाचकांना डायनो म्हणजे पुणे-मुंबईची वारी. 40-50 पीएसपर्यंतच्या गाडीसाठी रस्त्यावरही चांगलं मोजता येतं. लिटर क्लासच्या गाडीवर हा प्रयोग करू नका, फुल रेसला पुढचं चाक उचलतं. जागा सरळ, रिकामी, खासगी आणि परवानगीची हवी. वेग 80 च्या वर न्यायचा नाही. हेल्मेट, जॅकेट, आणि सोबत एक माणूस.

मोबाइलचा जीपीएस सेकंदाला एकदाच वेग नोंदवतो, तो चालणार नाही. सेकंदाला 10 नोंदी करणारा लॉगर लागतो. स्पीडोमीटर जास्त दाखवतो, त्यावरही जाऊ नका.

तुमच्यासह, पेट्रोलसह वजन काट्यावर करा. समजा 245 किलो. फिरणारी चाकं आणि इंजिन यांचं जडत्व धरून 260 घ्या. तिसऱ्या गियरमध्ये 60 ते 80 फुल रेसने जा, वेळ नोंदवा. मग त्याच पट्ट्यात, त्याच दिशेने, 80 वर क्लच दाबून गाडी 60 पर्यंत तशीच सोडा, वेळ नोंदवा. पहिल्याला 1.4 सेकंद लागले, दुसऱ्याला 8 सेकंद. 20 किमी वेग म्हणजे 5.556 मीटर प्रति सेकंद. भागलं की 3.97 आणि 0.69, बेरीज 4.66. गुणिले 260 म्हणजे 1212 न्यूटन. सरासरी वेग 70, म्हणजे 19.44 मीटर प्रति सेकंद. गुणाकार 23.6 किलोवॅट, म्हणजे 32 पीएस. ही त्या आरपीएमची चाकावरची ताकद.

या पद्धतीतली मला आवडणारी गोष्ट अशी की चढ आणि वारा आपोआप निघून जातात. चढाने जाताना जेवढं कमी झालं, तेवढंच सोडताना जास्त होतं. बेरजेत चढ उरत नाही, वाऱ्याचंही तेच. तरी जोराच्या वाऱ्यात करू नका, तो झोतांनी येतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची रांग उगाच उभी नाही. दोन्ही दिशांना चार-चार वेळा करा, फार वेगळे आलेले आकडे का वेगळे आले ते शोधा, आणि त्या वेळचं तापमान वहीत लिहा.

चोपड्याच्या गाडीचं पुढे काय झालं

जानेवारीत आम्ही दोघं गाडी टेम्पोत टाकून दुसऱ्या डायनोवर नेली. सोबत जुना सायलेन्सर, जुना मॅप, नवा फिल्टर. सकाळी जुना सेट, तीन रन. तिथेच सायलेन्सर बदलला, मॅप बदलला, दुपारच्या आत पुन्हा तीन रन. एसएई, पाचवा गियर, बेल्ट टेपने मोजून. जुन्या सेटला 36.6, नव्याला 37.4. फरक 0.8 पीएस, तोही 8500 च्या वर. आणि 4500 ते 5500 मध्ये, जिथे हा रोज चोपडा-जळगाव चालवतो, तिथे टॉर्क दीड न्यूटन-मीटरने कमी. मे महिन्यात त्याला मरगळ जाणवली होती ती हीच. त्याला जाणवलेलं बरोबर होतं, छापलेलं चुकीचं होतं.

पोरगा बराच वेळ त्या आलेखाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, जुना सायलेन्सर इथेच बसवू." डायनोवाल्याचा पाना मागून घेतला आणि परतताना गाडी टेम्पोत न टाकता चालवतच आणली.